हरणासाठी केवढी गोळी?

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा कित्येक दशकं हरणांच्या रायफल-शिकारीचा पहिला दिवस होता. त्या दिवशी अनेक शाळा सरळ बंद ठेवल्या जात. मुलं येणार नाहीत हे ठाऊकच होतं, मास्तर तरी येतील याची खात्री नसे. २०१९ साली हा मुहूर्त शनिवारवर आणला, तेव्हा जुन्या मंडळींनी बरीच कुरकुर केली. अमेरिकेत शिकार ही राजेरजवाड्यांची मिरासदारी नाही. प्लंबर, ट्रकचालक, शेतकरी, नर्स असे सगळेच तिच्यात असतात. नोव्हेंबर लागला की ऑफिसातला एखादा सहकारी रजा टाकतो आणि परतल्यावर फ्रीझरभर मटणाच्या गोष्टी सांगतो. अशा संगतीतून तिकडच्या मराठी घरांतही, विशेषतः तिथेच वाढलेल्या मुलामुलींकडून, कधीमधी विचारणा होते: हरणासाठी पहिली रायफल घ्यायची तर कोणत्या कॅलिबरची?

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ, सांबर किंवा भेकर मारणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे. अमेरिकेतली स्थिती वेगळी आहे. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आलं होतं. आज ते अंदाजे तीन कोटींच्या घरात आहे. बहुतेक राज्यांतून लांडगे संपले, शेती आणि उपनगरं वाढली, हरणांना चरायला कुरणं मिळाली. आता मोटारींना धडकणारी आणि जंगलातली कोवळी रोपं उगवू न देणारी हरणं ही तिथल्या वन्यजीव खात्यांची डोकेदुखी आहे. त्यात १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा (आज ११ टक्के) पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. म्हणजे काडतुसांची पेटी घेणारा प्रत्येक जण नकळत वनखात्याची वर्गणी भरत असतो. शिकारीच्या नैतिकतेचा वाद यामुळे मिटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कॅलिबरचा वाद मात्र भलताच रंगलेला आहे. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात बंदुकांवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांनी आयुष्यभर .२७० विंचेस्टरची तरफदारी केली: हलकी गोळी, जबरदस्त वेग, अचूक नेम. त्यांचे प्रतिस्पर्धी एल्मर कीथ यांचं म्हणणं बरोबर उलट. गोळी जाड हवी, जड हवी, वेग थोडा कमी असला तरी चालेल. दोघांनीही भरपूर शिकार केलेली होती, आणि दोघांच्याही पद्धतीने जनावरं पडत होती. यातच खरं तर अर्धं उत्तर आहे. साधारण एका मर्यादेच्या वर गेलात की हरणाच्या बाजूने कॅलिबरला फारसं महत्त्व उरत नाही. निवड ठरते ती तीन गोष्टींवर: राज्याचा कायदा, शिकाऱ्याचा खांदा आणि गोळीची जात.

आधी सावजाचा अंदाज घेऊ. दक्षिणेकडची हरणं आपल्या चितळाच्या जवळपास, पन्नास ते सत्तर किलोंची. जसजसं उत्तरेला जावं तसतशी ती थोराड होतात. मिनेसोटा किंवा मेनमधला पोक्त नर शंभर किलोंच्या पुढे सहज जातो. तरी त्याच्या छातीतला, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा, नेमका पट्टा आठ ते दहा इंच व्यासाचाच. त्या पट्ट्यात गोळी गेली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. त्याच्या बाहेर गेली तर तोफेच्या गोळ्यानेही खात्री देता येत नाही. पूर्वेकडच्या दाट जंगलात नजरच शंभर यार्डांपुढे जात नाही, आणि बहुतेक हरणं त्याच्या आतच मारली जातात. पश्चिमेच्या उघड्या माळरानावर अंतरं तीनशे यार्डांपर्यंत ताणली जातात, पण नवशिक्याने तो मोह टाळलेलाच बरा.

मग किमान ताकद किती हवी? शिकाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो: गोळी जनावराला लागते त्या क्षणी तिच्यात हजार फूट-पाउंड ऊर्जा असावी. या आकड्यामागे फार मोठं विज्ञान नाही, पण काही कायद्यांनी तो उचलला आहे. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड, असा नियम आहे. (एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन.) समुद्रापलीकडे इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार, लहान जाती वगळता, किमान .२४० कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड लागतात. दोन वेगळ्या देशांचे कायदे सहा मिलिमीटरच्या आसपासच येऊन थांबावेत, हा योगायोग वाटत नाही. टेक्सासमध्ये मात्र .२२ लाँग रायफलसारखी छोटी रिमफायर काडतुसं सोडली तर जवळपास काहीही चालतं. तिथे .२२३ रेमिंग्टननेही हरणं मारली जातात. चांगली गोळी आणि थंड डोक्याचा नेमबाज असेल तर ते जमतं. पहिल्याच हंगामात उतरणाऱ्याकडे यातली दुसरी गोष्ट असतेच असं नाही, म्हणून .२२३ माझ्या यादीत नाही.

कायद्याचा दुसरा प्रकार जास्त मजेदार आहे. ओहायो, इंडियाना, आयोवा आणि मिशिगनचा दक्षिण भाग हा सपाट शेतांचा, दाट वस्तीचा मुलूख. चुकलेली रायफलची गोळी दोन-तीन मैल जाऊ शकते, म्हणून तिथे वर्षानुवर्षं हरणासाठी छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी झाडायची, असा नियम होता. तिचा धक्का खांदा निखळवणारा आणि अचूकपणा बेताचा. मग २०१४ पासून ओहायो आणि मिशिगनने सरळ भिंतीच्या, म्हणजे पुढे निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांना परवानगी दिली. त्यांची गोळी जवळ मारा करते आणि लवकर खाली पडते. ही बाजारपेठ दिसताच विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड नावाचं काडतूस काढलं. ते बेतलं गेलं नियमपुस्तिकेच्या मापाने, हरणाच्या नाही. आपल्याकडेही हे पूर्वी घडलेलं आहे. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, तेव्हा लंडनच्या कारागिरांनी .४७० आणि .४६५ ही नवी मापं काढून बडे शिकारी आणि संस्थानिक यांची सोय केली. वाघ-गव्यांना त्या फरकाचा पत्ताही लागला नसेल. सरळ भिंतीच्या राज्यात राहणाऱ्या नवशिक्याला .३५० लेजंड उत्तम. धक्का सौम्य आहे, दीडशे यार्डांपर्यंत निश्चिंत राहावं. त्याला पुढचा अर्धा लेख वाचायचीही गरज नाही.

बाकीच्यांनी जुन्या नावांपासून सुरुवात करावी. विंचेस्टरच्या १८९४ च्या लिव्हर रायफलमध्ये १८९५ साली आलेलं थर्टी-थर्टी हे अमेरिकी हरणशिकारीचं घरगुती काडतूस. .३० कॅलिबर आणि मूळ भरणात तीस ग्रेन दारू, म्हणून .३०-३०. हलकी, सुटसुटीत रायफल, झाडीतून फिरायला सोयीची. पण तिच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकापुढे एक बसतात. गोळी टोकदार असेल तर धक्क्यासरशी पुढच्या काडतुसाच्या चकतीवर आपटून मॅगझिनमध्येच बार होण्याचा धोका, म्हणून गोळ्या बोथट ठेवाव्या लागल्या. (अलीकडे मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्यांनी ही अडचण बरीच दूर केली आहे.) बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मरतो. शंभर यार्डांवर नेम लावलेली थर्टी-थर्टी दोनशेवर आठ-नऊ इंच खाली मारते. जंगलासाठी ठीक, मोकळ्या रानासाठी नाही. शिवाय या रायफलींवर दुर्बीण बसवणं आणि भरलेली काडतुसं सुखरूप बाहेर काढणं नवशिक्याला बोल्ट रायफलीइतकं सोपं जात नाही. तिच्याभोवतीचा जिव्हाळा मला समजतो. पहिली रायफल म्हणून मी ती सुचवणार नाही.

सैनिकाचं काडतूस शिकाऱ्याच्या हाती येणं ही या इतिहासातली नेहमीची चाल. १८९८ मध्ये क्यूबात स्पॅनिश सैनिकांच्या ७×५७ माउझर रायफलींनी अमेरिकी फौजेला चांगलंच झुंजवलं. त्या धड्यातून अमेरिकेने नवी रायफल आणि नवं काडतूस बनवलं आणि १९०६ मध्ये थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) आलं. दोन महायुद्धं लढून परतलेल्या तरुणांना तेच माहीत होतं, तेच त्यांनी रानात नेलं. त्याच काडतुसाची मान आवळून १९२५ मध्ये ओ'कॉनरांचं लाडकं .२७० झालं. पुढे लष्कराला आखूड काडतूस हवं होतं. त्यातून १९५२ मध्ये बाजारात आलं .३०८ विंचेस्टर, ज्याचं लष्करी भावंड म्हणजे नाटोचं ७.६२ मिलिमीटर. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने निघते, थर्टी-ऑट-सिक्सची सुमारे २,९०० ने. हरणाच्या छातीत हा शंभर फुटांचा फरक कुणालाही ओळखता येणार नाही.

खांद्याला मात्र असले फरक कळतात. आठ पाउंडांच्या रायफलमध्ये थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का ढोबळमानाने वीस फूट-पाउंड, .३०८ चा सोळा-सतरा, .२४३ चा नऊ-दहा. .३०० विंचेस्टर मॅग्नम पंचविसाच्या पुढे जातं. कागदावर हे आकडे निरुपद्रवी दिसतात. पण पहिल्याच दिवशी चाळीस बार काढलेल्या माणसाचं शरीर आपोआप एक सवय लावून घेतं: बार होण्याच्या आधीच खांदा आकसतो, डोळे मिटतात, चाप हिसकला जातो. वेगवान गोलंदाजासमोर पाय लेग-स्टंपाबाहेर काढणाऱ्या फलंदाजाचं जे होतं तेच इथे होतं. आणि ही सवय एकदा जडली की सुटायला महिने लागतात. ओळखायची युक्ती सोपी: रेंजवर मित्राला सांगा, त्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं रिकामं, सरावाचं काडतूस मिसळावं. बार न होता नळी खाली झुकली तर समजा, दचकण्याची लागण झाली आहे.

म्हणून नवशिक्याची खरी निवड मॅग्नम आणि थर्टी-ऑट-सिक्सच्या खालच्या पट्ट्यात आहे. या पट्ट्यातलं सगळ्यांत रंजक प्रकरण १९५५ चं. त्या साली विंचेस्टर आणि रेमिंग्टन या दोघांनीही सहा मिलिमीटरचं काडतूस काढलं. ताकदीत रेमिंग्टनचं .२४४ कणभर पुढेच होतं. पण रेमिंग्टनने ते मुख्यतः मार्मट-कोल्ह्यांसारख्या छोट्या जनावरांसाठी मानलं आणि नळीतल्या आट्या सैल ठेवल्या, बारा इंचांत एक पीळ. एवढा पीळ ७५ किंवा ९० ग्रेनच्या गोळीला पुरतो, त्याहून जड आणि लांब गोळी उडताना डळमळते. विंचेस्टरने .२४३ ला दहा इंचांत एक पीळ दिला आणि १०० ग्रेनची गोळी बाजारात आणली: उन्हाळ्यात कोल्हे, हिवाळ्यात हरणं, एकाच रायफलीत. गिऱ्हाइकांनी .२४३ उचललं. रेमिंग्टनने पीळ घट्ट केला, १९६३ मध्ये काडतुसाचं नाव बदलून सहा मिलिमीटर रेमिंग्टन केलं, पण गाडी निघून गेली होती. आजही अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मुलांच्या हाती पहिली रायफल बहुधा .२४३ चीच येते. तिचा दोष एकच: चुकीला जागा कमी. शंभर ग्रेनच्या गोळीने खांद्याचं जाड हाड फोडायचं आणि पलीकडे जायचं, तर गोळी दणकट लागते आणि कोन बरोबर लागतो. लहान चणीच्या व्यक्तीसाठी ती चांगलीच. पण पन्नास-साठ किलोंच्या प्रौढाला इतकं जपून वागायची गरज नसते.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन. १९८० मध्ये .३०८ चीच मान सात मिलिमीटरपर्यंत आवळून ते बनवलं. १४० ग्रेनची गोळी, सुमारे २,८०० फुटांचा वेग, धक्का बारा-तेरा फूट-पाउंड. मराठी वाचकाला याची वंशावळ ओळखीची वाटावी: मारा जवळजवळ जुन्या ७×५७ माउझरसारखाच, आणि इंग्रज कारागिरांनी त्याच ७×५७ ला .२७५ रिग्बी असं नाव दिलं होतं. जिम कॉर्बेटना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये बक्षीस मिळालेली रायफल याच मापाची. जे काडतूस कुमाऊँच्या डोंगरात पुरेसं ठरलं त्याने पेनसिल्व्हेनियाच्या हरणाचं काम होणार नाही असं कोण म्हणेल? मात्र कॉर्बेटचा नेम सोबत मिळत नाही, तो वेगळा कमवावा लागतो.

आणि ६.५ क्रीडमूर. हॉर्नेडी कंपनीने २००७ मध्ये ते आणलं तेव्हा ते लांब पल्ल्याच्या कागदी लक्ष्यांसाठी होतं. लांबट, सडपातळ गोळी हवेला कमी अडते, वारा तिला कमी ढकलतो. शिकाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि त्याच्यावर विनोदही तितकेच झाले, जणू हे काडतूस घेतलं की नेम आपोआप लागतो. स्वीडनचे लोक मात्र गालात हसत असतील, कारण त्यांचं १८९४ चं ६.५×५५ माउझर जवळपास हेच काम सव्वाशे वर्षं करत आलं आहे, तेही हरणावर नाही, घोड्याएवढ्या मूसवर. शंभर-दीडशे यार्डांवर क्रीडमूरचा हवाई फायदा दिसतच नाही. त्याची खरी जमेची बाजू साधी आहे: धक्का कमी, रायफली स्वस्त आणि काडतुसं जवळजवळ प्रत्येक दुकानात.

दुकानाचा मुद्दा हलका समजू नये. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांचा दुष्काळ पडला, तेव्हा अप्रचलित कॅलिबरवाल्यांच्या रायफली कपाटातच राहिल्या. .३०८, .२४३, .३०-०६, .२७० आणि क्रीडमूर गावच्या हार्डवेअरच्या दुकानातही सापडतात. ७ मिलिमीटर-०८ तुलनेने कमी. फक्त एवढ्याच कारणासाठी कुणी त्यावर फुली मारली तर मी वाद घालणार नाही.

कॅलिबरवर तासन्‌तास बोलणारे लोक गोळीवर मात्र दोन मिनिटंही देत नाहीत, आणि हे उलट असायला हवं. शिकारीची गोळी आत शिरल्यावर छत्रीसारखी उघडली पाहिजे. पूर्ण कवचाची लष्करी गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलोन्‌मैल भटकतं, म्हणून बहुतेक राज्यांत ती शिकारीला मना आहे. यात इतिहासाची एक चमत्कारिक उलटापालट आहे. टोकाशी उघडणाऱ्या गोळीला जगभर कुप्रसिद्धी मिळाली ती कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यामुळे, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धात वापरायला बंदी केली. माणसावर जी क्रूर ठरली तीच हरणावर दयेची आणि कायद्याने सक्तीची.

त्यात आता शिशाचा प्रश्न आला आहे. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे सूक्ष्म तुकडे जखमेपासून बरेच दूर मांसात विखुरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना दान केलेल्या हरणाच्या खिम्यात क्ष-किरणांखाली शिसं दिसलं आणि तो खिमा फेकून देण्याची सूचना झाली. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही. तिथे मुख्य चिंता मेलेली जनावरं खाणाऱ्या काँडर गिधाडांची होती. तांब्याच्या गोळ्या महाग असतात, पण त्या फुटत नाहीत, वजन टिकवतात आणि खोल जातात. त्यामुळे हलक्या कॅलिबरचा जो दोष वर सांगितला, तो बऱ्याच अंशी भरून निघतो. घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर तांबं घ्या, यात मला शंका नाही.

आता आपल्या लोकांसाठी काही वेगळं. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास इतकी मराठी कुटुंबं आहेत, हरणासाठी सेंटरफायर रायफल चालतच नाही. तिथे छर्ऱ्याची बंदूक, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण. कॅलिबरचा हा सगळा शास्त्रार्थ डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेल्यावरच सुरू होतो. पेनसिल्व्हेनियातही हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल मना आहे, म्हणजे बोल्ट, लिव्हर, पंप किंवा एकबारी. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे, पण परवाना आधी, बंदूक नंतर. मित्राची रायफल रेंजवर सहज हातात घेणंही व्हिसा धोक्यात आणू शकतं. ग्रीन कार्डधारकाला हा केंद्रीय अडसर नाही, तरी राज्यांचे नियम वेगळे असतात. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

एवढं सगळं चाळून माझा कौल असा. मध्यम बांध्याच्या प्रौढाने ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिलिमीटर-०८ घ्यावं. त्यांतलं जे गावच्या दुकानात नियमित मिळतं ते. धक्क्याची भीती नसेल आणि पुढे एल्कसारख्या मोठ्या जनावराचा विचार असेल तर .३०८. लहान चणीच्या मुलामुलीला .२४३, पण चांगल्या गोळीसह आणि दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा. मॅग्नम कुणालाच नको. रायफलवर पाचशे डॉलर पुरतात. उरलेले पैसे बऱ्या दुर्बिणीवर, कानांच्या संरक्षणावर आणि सरावाच्या काडतुसांवर घाला. सरावाचा पहिला महिना तर .२२ रिमफायरवरच काढा, तिचा धक्काही नाही आणि खर्चही नाही. आणि दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची यंदाची नियमपुस्तिका वाचा. ती फुकट मिळते आणि दरवर्षी बदलते.